पाण्याची वाट माती ठरवते

(पनवेल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आयुष्यभर या तालुक्यातल्या मुलांना भूगोल शिकवला. फळ्यावर नकाशा काढण्याआधी ते मुलांना शाळेमागच्या बांधावर नेत आणि पायाखाली काय आहे ते आधी बघायला लावत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या स्मृतीला वंदन करून आजचा विषय पायाखालचाच घेतला आहे.

पत्रिकेत ‘थंड प्रदेशातली माती आणि पाणी’ असं वाचून काहींनी विचारलं, पनवेलकरांना बर्फाचं काय? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पाणी गोठत नाही. पण माती पाण्याला कधी आत घेते, कधी परतवते, कधी वर ओढते आणि कधी पाण्यासकट खाली घसरते, हे थंड प्रदेशात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठेच दिसत नाही. तिथे तीच जमीन ऑक्टोबरात पाणी पिते, जानेवारीत दगड होते आणि मे महिन्यात पुन्हा चिखल होते. आपली जमीनही बदलते आहे, पण ती वीस-तीस वर्षांच्या कालावधीत आणि आपल्याच हातांनी. म्हणून तो बदल डोळ्यांत भरत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: पाऊस किती पडला याचा हिशेब आपण दरवर्षी ठेवतो, पण त्या पावसाचा पूर होणार की विहिरीचं पाणी होणार, हे माती ठरवते. आणि त्या मातीचा हिशेब आपण ठेवत नाही.

सुरुवात एका विहिरीपासून करतो. सायबेरियात लेना नदीच्या काठी याकुत्स्क नावाचं शहर आहे. तिथे 1828 साली शेर्गिन नावाच्या, एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने विहीर खणायला घेतली. नदी जवळ, मग पाणी लागायला कितीसा वेळ लागणार? पण माती गोठलेली होती. खणत गेले तशी खालचीही गोठलेलीच निघाली. काम 1837 पर्यंत चाललं, खोली 116 मीटरवर गेली, तरी पाणी लागलं नाही. पाणी तिथे नव्हतं असं नव्हे. ते मातीच्या कणाकणांत होतं, पण बर्फ होऊन जागच्या जागी अडकलेलं. पुढे 1840 च्या दशकात मिडेनडॉर्फ या संशोधकाने याच विहिरीत निरनिराळ्या खोलीवरचं तापमान मोजलं आणि बारमाही गोठलेल्या जमिनीच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घातला गेला. सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहणारी जमीन ती बारमाही गोठलेली, अशी आजची व्याख्या आहे. रशिया, कॅनडा, अलास्का आणि तिबेटच्या पठारावर तिचे अफाट पट्टे आहेत.

आता आपल्या तालुक्यातली विहीर घ्या. प्रबळगड, माथेरानच्या पायथ्याच्या एखाद्या ठाकूरवाडीत किंवा कातकरवाडीत जा. पनवेलला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माथेरानला पाच हजारांच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर पनवेलमध्ये वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं. तरीही मार्च उलटला की वाडीतल्या बाया ओढ्याच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. कारण खाली काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट अखंड असेल तर त्यात पाणी शिरत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. मुरमाचा थर जाड असेल तिथे विहीर मे महिन्यापर्यंत साथ देते, पातळ असेल तिथे होळीलाच तळ दिसतो. याकुत्स्कला विहीर अडवली बर्फाने, इथे ती अडवते कातळाने. दोन्हीकडे ढगांचा दोष नाही.

जमिनीतून पाणी झिरपण्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने. दिजों शहराला नळाने पाणी देणारा हा माणूस. 1856 साली आपल्या कामाचा वृत्तांत छापताना त्याने वाळूने भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून केलेले प्रयोग त्यात दिले. निष्कर्ष साधा होता. पाणी किती वेगाने झिरपेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असतं: पाण्याला मिळणारा उतार आणि ज्या थरातून ते जायचं त्या थराची वाट देण्याची क्षमता. ही क्षमता मातीमातीत इतकी वेगळी असते की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. सारख्याच उतारावर जाड वाळूतून पाणी दिवसाला कित्येक मीटर सरकतं, तर घट्ट चिकणमातीतून वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही लहान. कणांमधल्या पोकळ्या तितक्याच बारीक. पाणी तिथे असतं भरपूर, पण ते हलत नाही.

थंडी या पोकळ्यांचं काय करते? इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गोठलेली जमीन म्हणजे बंद जमीन, असं सरसकट म्हणता येत नाही. शरद ऋतूत माती कोरडी असताना थंडी पडली, तर पोकळ्या मोकळ्याच राहतात आणि वितळलेलं बर्फ त्यांतून आत उतरू शकतं. पण थंडी पडण्याआधी माती पावसाने भिजलेली असेल, तर पोकळ्यांतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि जमीन सिमेंटच्या कोब्यासारखी बंद होते. पाऊस आणि बर्फ तितकंच असलं तरी आधीच्या ओलीमुळे एका वर्षी विहिरी भरतात आणि दुसऱ्या वर्षी महापूर येतो. अमेरिकेत रेड नदीच्या काठी 1997 च्या एप्रिलमध्ये असंच झालं. शरद ऋतूत जमीन भिजली होती, हिवाळ्यात बर्फ अतोनात पडलं आणि वितळू लागलं तेव्हा जमीन ते घेण्याच्या स्थितीत नव्हती. ग्रँड फोर्क्स हे सुमारे पन्नास हजार वस्तीचं शहर जवळजवळ पूर्ण रिकामं करावं लागलं. त्यातून ही नदी वाहते उत्तरेकडे. दक्षिणेकडचं बर्फ आधी वितळतं आणि पाणी पुढे येतं तेव्हा उत्तरेकडचं पात्र अजून बर्फाने तुंबलेलं असतं.

हे ऐकताना पनवेलकराला गाढी नदी आठवायला हवी. माथेरानच्या डोंगरात उगम पावून देहरंग धरणातून खाली येणारी गाढी शहराला वळसा घालून खाडीला मिळते. तिचं मुख बर्फाने नाही, पण भरतीने दिवसातून दोनदा अडतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्या दिवशी पनवेल आणि कळंबोलीत काय झालं ते इथे बसलेल्या अनेकांनी गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पाहिलं आहे. तो पाऊस कुठल्याही शहराला भारीच पडला असता. पण ती तारीखही पाहा. जुलैचा शेवट. दीड महिन्याच्या पावसाने डोंगर, शेतं, मैदानं सगळं काठोकाठ भिजलेलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात माती जितकं पाणी घेते, तितकं जुलैअखेर घेऊच शकत नाही. आधी भिजलेली जमीन आणि पुढे बंद झालेलं मुख, हे रेड नदीचं सूत्र गाढीलाही तंतोतंत लागू आहे. म्हणून पुराचा इशारा देताना उद्याच्या पावसासोबत गेल्या पंधरवड्याचा पाऊस आणि भरतीची वेळ, तिन्ही एकत्र बघावी लागतात.

माती बंद होण्याचे दोन प्रकार आपल्याकडेही आहेत. त्यांतला एक शेतकऱ्याने मुद्दाम शोधलेला आहे. भाताच्या खाचरात चिखलणी करतात ती कशासाठी? पाण्यात नांगर फिरवून मातीची ढेकळं मोडली की बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात, तळाशी घट्ट थर तयार होतो आणि खाचरात पाणी उभं राहतं. म्हणजे शेतकरी स्वतःच्या हाताने जमीन बंद करतो, पण चार महिन्यांपुरती. कापणी झाली की तीच माती सुकते, तिला भेगा पडतात, ती श्वास घेऊ लागते. मग उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. पाण्याची एकही पाळी न देता तो वाल दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर वाढतो. डिसेंबर-जानेवारीत भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतो तेव्हा आपण पावसाळ्यात मातीने राखून ठेवलेलं पाणीच खात असतो. दुसरा प्रकार आपण शहरवाल्यांनी आणला. शेतात मुरूम-दगडाचा भराव, त्यावर रोलर, त्यावर काँक्रीट. थंडीने बंद केलेली माती वसंतात उघडते. शेतकऱ्याने बंद केलेली माती कापणीनंतर उघडते. आपण बंद केलेली माती उघडत नाही. या तालुक्याच्या पाण्याचा सगळा प्रश्न या फरकात आहे.

आता पाण्याच्या दुसऱ्या प्रवासाकडे वळतो. पाणी खाली जातं एवढंच आपण शाळेत शिकतो. मातीत ते वरही चढतं. थंड देशांत हिवाळ्यात रस्ते फुगतात, खांब उचलले जातात, शेतातून दरवर्षी नवे दगड वर येतात. लोक समजत, पाणी गोठताना फुगतं म्हणून हे होतं. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर याने 1930 च्या सुमारास एक सुंदर प्रयोग केला. पाण्याऐवजी त्याने मातीत बेंझिन भरलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे कारण फुगणं हे नव्हतं. गोठणाऱ्या थराकडे खालचा द्रव ओढला जातो आणि तिथे बर्फाच्या चकत्या जमत जातात, त्या जमीन उचलतात. वाळूत हे फारसं होत नाही, कारण तिची ओढ कमी. घट्ट चिकणमातीत ओढ असते, पण वाट नसते. मधल्या पोयट्याच्या मातीत दोन्ही असतं, म्हणून तिथे रस्ते सर्वांत जास्त उखडतात.

हीच वरची ओढ आपल्या खाडीकाठच्या खारजमिनीत आहे, फक्त ओढणारी तिथे थंडी असते आणि इथे ऊन. फेब्रुवारी ते मे या काळात खारजमिनीचा पृष्ठभाग तापतो, वरची ओल उडून जाते आणि खालचं खारं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं. पाणी उडतं, मीठ राहतं. मे महिन्यात पनवेल, उरण, पेणच्या खारपट्ट्यात जमिनीवर पांढरा थर दिसतो तो हाच. म्हणून जाणता शेतकरी कापणीनंतर जमीन लगेच नांगरून ठेवतो. वरचा थर मोकळा झाला की वर चढणारी साखळी तुटते आणि मीठ खालीच राहतं. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत तो थांबतो, मग मोड आलेलं बी चिखलावर फोकतो. याला आपल्याकडे रहू म्हणतात. रोपं उपटून लावायला जमीन तयार नसते, म्हणून निघालेली ही वाट आहे.

या ज्ञानाला विद्यापीठाची जोड इथेच, पनवेलमध्ये मिळाली, हे पनवेलकरांनाही पुष्कळदा माहीत नसतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आपल्या गावात आहे. खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 या जाती या केंद्राच्या. आपल्या गावाचं नाव एखाद्या भाताला असावं आणि ते कुठल्या मातीसाठी ठेवलं हे आपल्या मुलांना ठाऊक नसावं, याचं मला वाईट वाटतं.

खारजमिनीतल्या मातीची एक परीक्षा घरी करता येते. सुकलेलं सुपारीएवढं ढेकूळ घ्या आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटलं तरी त्याच्या कण्या तळाशी बसतात आणि पाणी नितळ राहतं. सोडियम चिकटलेल्या मातीच्या ढेकळाभोवती मात्र थोड्या वेळात पांढुरकं वलय उठतं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. कणच एकमेकांना सोडून देतात. असे सुटे कण शेतात पोकळ्या बुजवतात आणि पाणी वरच साचून राहतं. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त एक रात्र धीर लागतो.

खारजमीन टिकते ती बांधावर. भरतीचं पाणी बाहेर ठेवणारा मातीचा बांध आणि आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारी उघाडी, ही आपल्या पूर्वजांची जलव्यवस्था होती. बांधाला खांड पडली तर सारं गाव टोपल्या घेऊन धावे, कारण एका रात्रीत आत आलेलं मीठ धुवायला पुढे कित्येक पावसाळे लागत. स्वातंत्र्यानंतर 1948 साली खारजमिनींसाठी कायदा झाला, 1979 साली नवा कायदा आला आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. त्याआधी 1970 साली सिडको स्थापन झाली होती. ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे मोबदल्याला न्यायाचं रूप आलं. पण जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा मोबदला कोणी मागितला नाही: बांधाकडे रोज लक्ष ठेवणारा शेतकरी. शेती नाही तर बांध नाही, बांध नाही तर उघाडी नाही. नव्या शहरासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, ही त्यामागची कल्पना आपल्या उघाडीचीच मोठी बहीण. ते तलाव गाळाने भरले की त्यांची नुसती डबकी होतात. आणि सखल खाजणात मोठा भराव पडला की पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या जुन्या, खालच्या गावात जातं. नवी मुंबई विमानतळाच्या भरावानंतर डुंगी, पारगावच्या लोकांनी पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या पाण्याबद्दल जी गाऱ्हाणी मांडली ती याच जातीची आहेत.

पाण्याचा तिसरा प्रवास सर्वांत दुःखाचा. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात थर वितळतो, खालचा गोठलेलाच राहतो. वितळलेलं पाणी खाली जाऊ शकत नाही, वरच्या थरातच साचतं. मातीच्या कणांमधलं पाणी दाबाखाली आलं की ते कणांना एकमेकांपासून दूर सारतं, मातीची पकड सुटते आणि तो थर गोठलेल्या तळावरून घसरतो. आता ‘गोठलेला तळ’ याच्या जागी ‘काळा कातळ’ म्हणा आणि ‘वितळलेलं पाणी’ याच्या जागी ‘जुलैचा पाऊस’ म्हणा. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटात असलेली इर्शाळवाडी अशीच गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ताच राहिली. त्याआधी 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळीये, आणि 2005 च्या जुलैत त्याच तालुक्यातली जुई, दासगाव. चारही ठिकाणी महिना जुलै. डोंगर आधी पोटभर भिजतो, मग मुसळधार होते. धोक्याच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. यादीत नाव नसणं म्हणजे डोंगर सुरक्षित असणं नव्हे. घरामागच्या जमिनीला नवी भेग पडणं, झाडं तिरकी होणं, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणं किंवा थांबणं, या खुणा वाडीतल्या माणसाला कोणत्याही यादीआधी दिसतात. त्या सांगायला आणि ऐकून घ्यायला तहसील कार्यालयात माणूस हवा, आणि अशा रात्री लोकांना उतरवून आणायला आधीच ठरलेली जागा हवी.

आपल्या मऊ खाडीमातीवर उभ्या राहणाऱ्या इमारतींबद्दल थोडक्यात सांगतो. याकुत्स्कला घरं खांबांवर उचलून बांधतात, म्हणजे घराच्या उबेने खालची जमीन वितळू नये. आपल्या खाडीकाठच्या चिकणमातीत पाणी गोठलेलं नसतं, पण कोंडलेलं असतं. वर ओझं आलं की ते अत्यंत सावकाश बाहेर पिळलं जातं आणि जमीन खचत राहते. कार्ल टर्झागी याने 1925 साली या खचण्याचं शास्त्र दिलं. त्याचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: मातीचा थर दुप्पट जाड असेल तर खचण्याला चौपट वेळ लागतो. म्हणून बंदरं आणि धावपट्ट्या बांधताना मऊ मातीत उभ्या झिरपपट्ट्या घालून पाण्याची वाट आखूड करतात. मोठ्या प्रकल्पांना हे परवडतं. खाजणात भराव टाकून उभ्या राहणाऱ्या चार मजली इमारतीला कोणी हा प्रश्न विचारतं का, हे तुम्हीच तपासा.

इतकं सगळं ऐकून माती म्हणजे संकटच असं वाटायला नको. पाण्याला थांबवून धरणारीही मातीच. लेहला वर्षाला पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पनवेलला एका चांगल्या दिवसात पडतो तेवढा. पेरणी एप्रिल-मे मध्ये आणि हिमनद्यांचं पाणी मात्र जूनमध्ये उतरणार. मधल्या दोन महिन्यांसाठी लडाखच्या च्येवांग नोर्फेल यांनी वाया जाणारं हिवाळी पाणी सावलीच्या उतारांवर संथ करून गोठवलं, आणि पुढे सोनम वांगचुक यांनी त्याचे बर्फाचे उंच स्तूप उभे केले. पाणी नवीन आणलं नाही, त्याला फक्त उशीर करायला लावला. हिमालयातल्या या बर्फ-पाण्याचा अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. ध्रुवीय संशोधनाच्या या संस्थेने 2016 मध्ये स्पितीच्या खोऱ्यात ‘हिमांश’ नावाचं केंद्र उभारलं.

आपला बर्फाचा स्तूप म्हणजे माथेरान. त्या डोंगराच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. सच्छिद्र जांभा पाऊस आत घेतो, त्याखालच्या चिकट थरावर पाणी अडतं आणि कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. पावसाळा संपल्यावर पुढचे कित्येक महिने वाहणारे हे झरे म्हणजे उशीर केलेला पाऊस. माथ्यावरची झाडी आणि मऊ लाल माती टिकली तरच हा उशीर टिकतो. माती धुपली की दुहेरी तोटा: डोंगरावर पाणी थांबत नाही आणि खाली आलेला गाळ देहरंग धरणात पाण्याची जागा घेतो.

मग आपण काय करायचं? पहिलं, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा माती पाहून अमलात आणायची. मुरमाच्या सौम्य उतारावर चर खणा, पाणी जिरेल. वस्तीच्या वरच्या तीव्र उतारावर मात्र भूवैज्ञानिकाला विचारल्याशिवाय चर खणू नका, तिथे जिरलेलं पाणी वाडीवर येऊ शकतं. खाडीच्या चिकणमातीत शोषखड्डा खणणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. म्हणून कामोठे, कळंबोलीतल्या सोसायट्यांनी छपराचं पाणी टाकीत साठवावं. दुसरं, प्रत्येक नव्या आराखड्यासोबत मातीचा नकाशा आणि भरावानंतर पाणी कुठे जाईल याचा नकाशा जोडलेला असावा. तिसरं, धारण तलाव, उघाड्या आणि गाढी, काळुंद्रे, कासाडीची मुखं मे अखेरीस मोकळी असावीत, आणि लाटेचा जोर तोडणारी तिवरांची झाडी राखली जावी. वडाळे, कृष्णाळे, देवाळे हे आपले तलाव शोभेचे नाहीत, शहराच्या पोटातली ती पाण्याची जागा आहे.

चौथं काम शाळांसाठी. दोन्ही तोंडं कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटं ठोकावा, त्यात पाणी ओतावं आणि घड्याळ लावून पातळी किती उतरते ते लिहावं. शाळेचं मैदान, शेजारचं शेत, रस्त्याकडेची दाबलेली जमीन, डोंगरपायथ्याचा मुरूम, सगळीकडे. आकडे वहीत मांडले की तालुक्याचा पहिला झिरप-नकाशा मुलांच्या हातून तयार होईल. गुरुजींचं याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

1852 साली पनवेलला नगरपालिका आली, 2016 साली महानगरपालिका झाली. शहर मोठं झालं तशी नागरिकाची जबाबदारीही मोठी झाली. तुमच्या शेजारच्या शेतात उद्या भरावाचा पहिला डंपर रिता होईल, त्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: खालची माती कोणती आहे, तिची तपासणी झाली का, आणि इथे आजवर मुरणारं पाणी आता कोणाच्या दारात जाणार? उत्तर लेखी मिळेपर्यंत विचारत राहा.